रिलीव्हर

सिनेमात सरकार पडलं होतं, पोलीस पळून गेले होते आणि भोंगा वाजला की गोळीबार व्हायचा. गर्दीने जीव मुठीत धरून गेटकडे पळायचं, एवढंच काम. अशा गर्दीसाठी माणसं पुरवणारा विक्की दापोडीच्या गल्लीत येऊन नीलाला म्हणाला, "वहिनी, चाकणला शूटिंग आहे. भाऊंनाही आणा. बोलायचं काहीच नाही."

बोलायचं काहीच नाही! ते तर तिच्या नवऱ्याला, जयसिंगला, झकास जमत होतं. कंपनीला टाळं लागल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. भाजी काय करू विचारलं तरी हूं नाही की चूं नाही. नीलाचा जीव तुटायचा. चार माणसांत मिसळला, दोन शब्द बोलला तरी पुष्कळ झालं, म्हणून ती त्याला जवळजवळ ओढतच घेऊन गेली.

बस थांबली ती नेमकी त्याच्याच कंपनीच्या गेटवर. मेल्या विक्कीला हे आधी सांगायला काय झालं होतं? नीलाने त्याला बसवून ठेवायला हात पुढे केला. पण जयसिंग खाली उतरला आणि वॉचमनच्या रिकाम्या खोलीकडे बघून त्याने सवयीने हात वर केला. नीलाला बरंच वाटलं. वेडी आशा, दुसरं काय!

शेडमधली मशिनं केव्हाच उचलून नेलेली. जमिनीवर बोल्टांची भोकं आणि तेलाचे डाग तेवढे उरले होते. डायरेक्टर मोठा हौशी. नकली आवाज नको म्हणून त्याने छतावरचा शिफ्टचा जुनाच भोंगा दुरुस्त करून घेतला होता.

भोंगा वाजला. बायका किंचाळल्या, माणसं एकमेकांच्या अंगावर पडत पळाली. नीलाही पळाली आणि गेटपाशी वळून बघते तर काय, जयसिंग उलटा शेडमध्येच निघालेला! बाह्या दुमडत तो एका डागापाशी थांबला. त्याच्या प्रेस मशीनखाली बोटं सापडू नयेत म्हणून दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागत, तशी त्याने हवेतच दाबली. पुन्हा दाबली.

"अहो काका, पळा ना!" डायरेक्टर ओरडला. विक्कीने दंड धरला, तो जयसिंगने झटकला. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं.

नीला धावत त्याच्याजवळ गेली. "अहो, चला घरी. झालं आता."

"रिलीव्हर कुठं आलाय?" जयसिंग म्हणाला. किती महिन्यांनी तिने तो आवाज ऐकला! "पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नसतं, बाई."

बाई. त्याने तिला ओळखलंच नव्हतं.

नीलाला भडभडून आलं, पण लोक बघत होते. तिने पदर खोचला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "मीच आलेय रिलीव्हर. तुम्ही सुटा."

जयसिंगने तिला नीट न्याहाळलं. मग तिच्या हातांकडे बोट दाखवलं.

"बांगड्या काढा आधी. मशीनवर बांगड्या चालत नाहीत."

नवरा समोर धडधडीत जिवंत उभा, आणि नीलाने एकेक करून हिरव्या बांगड्या उतरवल्या. ‘ठेवा बाजूला’ म्हणत त्याने बांगड्या बोल्टाच्या भोकापाशी ठेवायला लावल्या. मग हात पुसले, बाह्या सोडल्या आणि शिफ्ट सुटल्यासारखा गेटबाहेर चालू लागला.

त्याने वळून बघितलं नाही. नीला दोन्ही हात पुढे धरून तिथेच उभी राहिली. तिला सोडवायला कोणी येणार नव्हतं.