ओठांवर बसलेलं गाऱ्हाणं

परदेशी सिनेमांचे संवाद मराठीत लिहिणं हा माझा धंदा आहे, आणि तो मी रत्नागिरीत, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून करते. लोकांना वाटतं, इंग्रजी येतं आणि मराठी येतं की झालं. खरं काम ओठांचं असतं. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले की माझ्या वाक्यात तिथे प, ब नाहीतर म यायलाच हवा; नाही आला तर तोंड हलतं एक आणि ऐकू येतं भलतंच, आणि प्रेक्षक हसतात. त्यासाठी आवाज बंद करून मी एकेक दृश्य वीस-वीस वेळा बघते. अकरा वर्षांत एकही वाक्य पहिल्या फटक्यात ओठांवर बसलेलं नाही, हे मी अभिमानाने नाही, वैतागाने सांगते आहे.

या वेळचा सिनेमा प्राचीन रोमचा होता. रथ, ढाली, हजारो माणसांची गर्दी, आणि मध्यभागी एक सूड. दोन भाऊ होडीतून जात असतात, होडी उलटते, आणि थोरला धाकट्याचा हात मुद्दाम सोडून देतो. घरदार एकट्या थोरल्याचं होऊन जातं. धाकटा मेलेला नसतो. तो वल्ही मारणारा गुलाम होतो, आखाड्यात लढतो आणि बारा वर्षांनी परत येतो. परत येण्याआधी देवांसमोर तो जी मागणी करतो, तिथे माझं घोडं अडलं होतं. मी लिहिलं ते मुंबईच्या डबिंग-दिग्दर्शकाला नाटकी वाटलं. दुसऱ्यांदा लिहिलं, तेही वाटलं.

हे वाचताना मला घरचं आठवलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. माझा नवरा ओमकार आणि त्याचा धाकटा भाऊ ऋत्विक नऊ वर्षांपूर्वी जयगडच्या खाडीत होडी घेऊन गेले होते आणि ओमकार एकटा परत आला. पाण्याला ओढ होती, हात पुरला नाही, असं त्याने सांगितलं. तेव्हापासून तो गावी गेला नाही आणि मासे त्याने तोंडात घातले नाहीत. ज्याचा भाऊ असा गेला त्याच्यावर संशय कोण घेईल? मीही तो विचार झटकला आणि कामाला लागले.

देवाकडे मागायची आमच्याकडची रीत म्हणजे गाऱ्हाणं. त्याची लय मिळाली तर काम होईल, म्हणून शनिवारी मी सासरच्या गावी गेले आणि देवळात विठू गुरवाला गळ घातली की, मला फोनवर एक गाऱ्हाणं रेकॉर्ड करून द्या. त्याने आधी माझ्याकडून नारळ ठेवून घेतला.

"सूनबाय, नाव कुनाचा घेऊ?" तो म्हणाला. "रिकामा गाऱ्हाना घालत न्हायत."

"नाव नको. सिनेमासाठी आहे. मी सांगते तसं म्हणा."

"देवाला काय ठाव शिनेमा?" तो म्हणाला, तरी मी सांगितलेली सिनेमातली मागणी त्याने ऐकून घेतली. मग हात जोडून त्याने खणखणीत आवाजात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ज्या कुनी पान्यात धाकट्या भावाचा हात सोडलान, त्याला तुज्या पायरीवर आन, म्हाराजा. आनि ज्याचा हात सुटला, त्याला त्याचा घर दे, म्हाराजा."

देवळात आम्ही दोघंच होतो, तेव्हा गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी म्हणायचं "होय महाराजा" म्हणायला मीच होते. मी म्हटलं. काम झाल्याच्या आनंदात जरा जोरातच म्हटलं.

रविवारी सकाळी ओमकार दाढीचं ब्लेड आणायला खाली उतरला. मी रेकॉर्डिंग लावून ते शब्द नायकाच्या दृश्यावर ठेवले आणि ते बसले. एकही अक्षर हलवावं लागलं नाही. ओठ मिटले तिथे म होता, ओठ थांबले तिथे विठू थांबला होता. अंगावर काटा यायला हवा होता, पण मला गंमत वाटली. धंद्यातली माणसं अशीच असतात.

ओमकार दोन तासांनी आला. ब्लेड नव्हतं, हातात बांगडे होते.

"तू खाणार?" मी विचारलं.

"भूक लागली आहे गं," तो म्हणाला, आणि मला खरंच रडू आलं. नऊ वर्षांनी माझ्या घरात बांगडे तळले गेले. तो सहा खाऊन उठला, मी बघतच राहिले. माणूस एकदाचा सावरला असं वाटून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

जेवणानंतर मी शेवटचं दृश्य घेतलं. धाकटा थोरल्याच्या घरात शिरतो आणि त्याच्यासमोर उभा राहून बोलतो. आवाज बंदच होता. नायकाचं तोंड हललं, आणि माझ्या मागून, दारातून, ओमकारचा आवाज आला.

"पाणी गार होतं. हात गरम होता. सुटला तेव्हाही गरम होता."

प्रत्येक अक्षर त्या ओठांवर बसलं. मी पुन्हा लावून बघितलं, पुन्हा तेच. मूळ वाक्य कागदावर होतं, त्यात हाताचा उल्लेखसुद्धा नव्हता. मी वळले तेव्हा दारात कोणी नव्हतं आणि आत चहाचं आधण ठेवल्याचा आवाज येत होता.

हात पुरला नाही, असं सांगितलं होतं त्याने. पुरला होता. धरला होता, आणि मग सुटला. ज्याच्या शेजारी मी त्यानंतरही नऊ वर्षं झोपले, त्याच्यावर मी स्वतः नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. त्याने काहीही केलेलं असो, तो माझा होता. त्याला काही व्हायला नको होतं. मी बाल्कनीत जाऊन, दार लोटून विठूला फोन लावला.

"विठूकाका, कालचं गाऱ्हाणं मागे घ्या. आत्ताच्या आत्ता. नारळ, कोंबडं, काय लागेल ते देते."



"मीच तुमाला फोन करनार व्हतो, सूनबाय," तो म्हणाला. "मागं कसा घेऊ? ओमकार हितं येऊन बसलाय सकाळपास्नं. पायरीवर. डोस्क्यापास्नं पायापत्तूर भिजलाय, आनि काय बोलत न्हाय. हाक मारली तरी बघत न्हाय. तुमी या लवकर."

मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. स्वयंपाकघरात कप मांडल्याचा आवाज झाला, मग डब्याचं झाकण.

"वहिनी," आतून ओमकारच्या आवाजात हाक आली, "साखर किती घालू?"