मधनं न फिरणारं जहाज

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या गूळवाल्या शिवाप्पांची बायको जहाजानं महासागर ओलांडणार, ही बातमी गल्लीत फुटली आणि सगळ्यांच्या तोंडाला विषय मिळाला. "विमान काय वाईट हाय व्हय?" असं शिवाप्पांनीही विचारून बघितलं. पण अक्काताई हटल्या नाहीत. साठीला आलेल्या बाईनं जन्मात एक हट्ट धरला, तर धरू दे की बापडीला!

टूरच्या ऑफिसातल्या पोरीनं जहाजावरचा पोहायचा तलाव दाखवला, नाचगाणी दाखवली, जेवणाचे हॉल दाखवले. अक्काताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मधनं माघारी फिरतं काय हे?"

"न्हाय ओ काकू. इंग्लंड सोडलं की आठवडाभर नुसतं पाणी. मग डायरेक्ट अमेरिका."

"आनि फोन?"

"इंटरनेटचे पैसे वेगळे पडतात."

"मग ते घालू नगा."

खरं कारण त्यांनी फक्त सुनेला, शांभवीला सांगितलं होतं. लग्न झाल्यापासून अक्काताई जिथं म्हणून निघाल्या, तिथून त्यांना माघारी बोलावलं गेलं. माहेरी संकेश्वरला गेल्या, तर पिशवी सोडायच्या आत निरोप हजर. पन्हाळ्याला निघाल्या, तर वाघबिळातनं गाडी वळवली. बोलावणाऱ्या त्यांच्या सासूबाई, थोरल्या अव्वा. आता अंथरुणाला खिळल्यात, पण आवाज अजून खणखणीत.

"समुद्राच्या मधी कोन बोलवंल गं मला?" अक्काताई म्हणाल्या, तेव्हा शांभवीनं त्यांचा हात हातात घेतला. "जावा अत्त्या, बिनघोर जावा. अव्वांस्नी मी बगते."

अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबई गाठायची होती. ही तारीख चुकली तर जहाज चुकलं. आणि नेमकं त्याच वेळी गारगोटीत शांभवीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तिला दुसरं कुणी नाही. म्हणून दोन दिवसांसाठी अव्वांजवळ एक बाई ठरवली आणि सकाळच्या एस्टीनं शांभवी माहेरी निघाली. किती महिन्यांनी निघाली होती पोरगी! एस्टी सुटून तास झाला असेल-नसेल, तोवर त्या बाईचा फोन आला, पोरगं तापानं फणफणलंय, जमणार न्हाय.

आली का पंचाईत! घरात शांभवीचा नवरा सोमशेखर होता की, अव्वांचा चांगला धडधाकट नातू. पण बाप्यानं आज्जीचं अंग पुसायचं, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. अक्काताईंच्याही नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं जहाज होतं. त्यांनी फोन लावला.

"कुटं पोचलीस?"

"मुदाळ तिट्ट्यावर, अत्त्या. आता आलंच की गारगोटी."

"उतर तितंच. माघारी ये."

बोलून गेल्या आणि मग ध्यानात आलं. शब्द अव्वांचे होते. तोच सूर, तोच तोरा. पलीकडनं शांभवी म्हणाली, "बरं."

दुपारच्या आत ती आली. पाय धुतले, पदर खोचला आणि अव्वांच्या खोलीत पाणी घेऊन गेली. रुसली नाही, आदळआपट केली नाही. दोन शब्द ताडताड बोलली असती, तर अक्काताईंना बरं वाटलं असतं. बाहेर शिवाप्पा गाडीचा हॉर्न वाजवत होते. आतनं अव्वा ओरडत होत्या, "कोन चाललंय? कुटं चाललंय?"

"शांभवे," उंबऱ्यात अक्काताईंचा पाय अडखळला. "चुकलं गं माजं. तू म्हनशील तर ऱ्हाते मी."

शांभवीनं ओलं फडकं पिळलं. वर बघितलं नाही.

"जावा तुमी, अत्त्या. मी फोन करून माघारी बोलवनार न्हाय तुमास्नी."

अक्काताई गाडीत बसल्या. फोन मांडीवरच ठेवला होता. पंचगंगेचा पूल गेला, किणीचा टोलनाका गेला. शिवाप्पा खुशीत होते, "बग, आज कुनी आडवलं न्हाय तुला." पेठ नाकाही मागं पडला. फोन काही वाजला नाही. तो एकदा तरी वाजावा, 'उतरा तितंच' असं कुणीतरी म्हणावं, म्हणून अक्काताई त्याच्याकडं बघत बसल्या होत्या.