दिनानाथबुवांचं पुण्ययंत्र

देवळासमोरच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस, आणि दिनानाथबुवांनी पेणहून टेम्पोत घालून आणलेला कॉम्प्युटर. त्याला हार, गुलाल, पुढ्यात नारळ. वर्षभर ज्याने वह्यांत सगळ्यांत जास्त रामनाम लिहिलं, त्याच्या गळ्यात काल्याची वीणा पडायची होती.

"वही हात लिहितो, हे पुण्ययंत्र अंतःकरण वाचतं," बुवा म्हणाले. "आकडे तुमचे, निवाडा त्याचा."

सत्तर जणांचे आकडे आत गेले. पडदा लुकलुकला आणि नाव उमटलं, गुणाजी. मांडवाचा खर्च उचलणारा ठेकेदार. लोकांनी हात जोडले.

गुणाजीची नामं अकरा हजार. मिठागरावर राबणाऱ्या ठमाबाईची साडेतीन लाख. बुवांचं कीर्तन ऐकूनच ती म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात बसली होती, नाम लिहिता यावं म्हणून.

"माज्याच भावात खोट असंल गो," ती भाचीला म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

भाची अपेक्षा रोह्याच्या क्लासात कॉम्प्युटर शिकवायची. ती उठली. "बुवा, गुणाजीशेटचं नाव यादीतून काढा आणि परत चालवा."

"यंत्राची परीक्षा पाहू नये. देव कोपतो."

"सीतामाय परीक्षेला डरली नाय, तुमीच सांगता बुवा," ठमाबाई म्हणाली. "मंग हा डबा कशाला डरतो?"

मांडव हसला. बुवांचा इलाज चालेना. नाव काढलं, यंत्र चाललं. पुन्हा गुणाजी. यादीत नसलेला माणूस पहिला आला होता.

अपेक्षाने आतला प्रोग्रॅम पडद्यावर उघडला. "आत्या, पाटीतली सगळ्यांत मोठी कोळंबी कशी काढतेस?"

"एक हातात धरायची. दुसरी मोठी लागली का पयली टाकून तिला धरायची. पाटी सरंपर्यंत."

"यंत्रही तेवढंच करतं. पण इथे पाटीला हात लावण्याआधीच त्याच्या हातात गुणाजीशेटचं नाव दिलंय, नव्याण्णव लाखांचा आकडा लावून. कुणाची वही त्यापुढे मोठी ठरणार?"

बुवा वायरी गुंडाळू लागले. ठमाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. "वीस वर्सं तुमच्या मागं टाळ धरला बुवा. मी सवताला पापी समजून बसले, नि तुमी बघत व्हतात."

बुवा मांडवाबाहेर निघून गेले.

अपेक्षा प्रोग्रॅम दुरुस्त करायला निघाली, तर ठमाबाईने तिला अडवलं. "ऱ्हाऊ दे. वह्या काढा, समद्यांच्या. लोकांसमोर मोजा."

दुपारभर पानांच्या हिशेबाने वह्या मोजल्या गेल्या, मग वीणा तिच्या गळ्यात आली. काल्याला त्या दिवशी बुवा नव्हते. अभंग गावानेच म्हटले.

कीर्तनात खुशाल डोलावं, नाम घ्यावं. पण कुणी झाकून ठेवलेला निवाडा देवाच्या नावाने सांगू लागला, तर झाकण उघडून बघावं. देव त्याने उणा होत नाही.