जवळ कोणीही नसताना

कुठल्याही कागदावर सही करताना मला घाम फुटतो. त्या दिवशीच्या कागदावर तर छापलं होतं : ‘संगणकाजवळ कोणीही नसताना पासवर्ड मॅनेजरला दोन मिनिटांत आपोआप कुलूप लागते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.’

पासवर्ड मॅनेजर म्हणजे आमच्या वाचनालयाच्या सगळ्या पासवर्डांची पेटी. मुख्य पासवर्ड टाकला की ती उघडते, कुलूप लागलं की बाकी सगळंही बंद. तो मुख्य पासवर्ड मी तयार केला होता, कारण बाई, म्हणजे आमच्या ग्रंथपाल, म्हणाल्या होत्या, “कुणाला सुचणार नाही असं काहीतरी तुम्हालाच सुचेल.” मी एक लांबलचक वाक्य घातलं. ते बाईंना कधीच पाठ झालं नाही.

“करा की सही,” बाई म्हणाल्या. “अकराला तपासनीस येतायत. दाखला नसेल तर संगणक उचलून नेतील.”

त्या संगणकात माझी सूची होती. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं मी इथल्या प्रत्येक पुस्तकावर दोन ओळी लिहितो आहे : पुस्तक कशाबद्दल आहे आणि कोणी वाचावं. सहा हजार पुस्तकं झाली. त्या ओळी बऱ्या आहेत की नाहीत, मला सांगता येणार नाही. पण त्या दुसरीकडे कुठेही नाहीत.

“बाई, मी पाहिलं असेल तर मी जवळ होतो. आणि जवळ नव्हतो, तर पाहिलं कसं?”

बाईंनी कपाळावर हात मारला. “सहा हजार पुस्तकं वाचून हे शिकलात? दारातून बघा!”

मी कागद उलटला. मागे बारीक अक्षरात होतं : ‘जवळ म्हणजे संगणकाचा पडदा वाचता येईल इतके अंतर.’

“दुर्बीण आणू?” कोपऱ्यात पुस्तकांच्या पाठी चिकटवत बसलेला बाइंडर म्हणाला.

“दुर्बिणीतून वाचता आलं, म्हणजे जवळच झालं,” मी म्हणालो.

“मग काकांना तिथंच बसू द्या, बाई. काका असले काय नि नसले काय! परवा मी दिवे घालवून, दाराला कडी घालून निघालो होतो, तर हे आतच.”

बाई हसल्या. मीही हसलो. खरं होतं ते.

अकराच्या ठोक्याला तपासनीस आले. हातात स्टॉपवॉच, काखेत फाइल. कोरा दाखला बघून त्यांनी सुस्कारा सोडला. “सगळीकडे हेच. आणा, मीच बघतो.”

“पण साहेब, तुम्ही तर जवळ असणार ना?” बाईंनी भीतभीत विचारलं.

“तपासनिसाला तपासणीपुरतं हजर धरत नाहीत. नियम आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा मला एका अधिकाऱ्याबद्दल आपलेपणा वाटला.

“चला, सगळ्यांनी बाहेर व्हा.”

बाई आणि बाइंडर बाहेर गेले. मी संगणकाशेजारी, पुस्तकांच्या मांडणीच्या खाचेत, स्टुलावर, मांडीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. उठलोही होतो, पण वाटेत तपासनीसच उभे होते. ‘जरा सरकता का’ म्हणायचा धीर गोळा होईपर्यंत त्यांनी स्टॉपवॉच दाबलं. खोलीभर नजर फिरवली. ती माझ्यावरूनही फिरली.

“कोणी नाही,” ते पुटपुटले आणि तसं लिहून घेतलं.

दीड मिनिट झालं आणि मला शिंक आली. शिंकलो की अकरा वर्षं गेली. मी नाक पुस्तकात खुपसलं. पुस्तकांवरची धूळ मी कधीच झटकत नाही, हे तेव्हा आठवलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण शिंक गिळली.

पेटीला कुलूप लागलं. तपासनीसांनी सही केली.

“आता उघडून दाखवा. उघडत नसेल तर दाखला रद्द.”

“मुख्य पासवर्ड काकांनाच येतो,” बाई दारातून म्हणाल्या. “काका कुठे गेले?”

“काका बाहेर आलेच नाही—” बाइंडर म्हणाला. बाईंनी त्याचा पाय दाबला असावा, कारण तो कळवळला.

मी तपासनीसांपासून तीन हातांच्या अंतरावर उभा होतो. आहे म्हटलं, तर कुलूप माझ्यासमक्ष लागलं. नाही म्हटलं, तर उघडणार कोण? काय बोलावं हे ठरेपर्यंत वेळ निघून जाते, असं माझं जन्मभर झालं आहे. मी खाकरलो.

तपासनीस दचकले. “तुम्ही कधी आलात?”

‘अकरा वर्षं झाली’ हे अगदी ओठांवर आलं होतं.

“आत्ताच,” मी म्हणालो.

“या, काका!” बाई कडाडल्या. “ही काय यायची वेळ झाली?”

मी माफी मागितली आणि मनापासून मागितली. ते वाक्य टाकताना बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा पेटी उघडली. तपासनीसांनी शिक्का मारला, आणि हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे स्वतःच्या हाताने ‘उशिरा’ असा शेरा लिहून ते गेले.

मी खुर्चीत बसलो आणि मघाचं पुस्तक सूचीत घेतलं. पहिली ओळ झाली. हे कोणी वाचावं, याचा विचार करत राहिलो. दोन मिनिटं झाली असणार. माझ्यादेखत पेटीला कुलूप लागलं.

“काका, आहात ना?” बाइंडरने विचारलं.

“आहे, आहे,” मी म्हणालो, जरा मोठ्यानेच.

मग ते लांबलचक वाक्य पुन्हा टाकलं, आणि दुसरी ओळ सुचेपर्यंत डाव्या हाताने माउस हलवत राहिलो.