आधी खाली ठेवलेला अडकित्ता

हरिभाऊंना मी जन्मभर अहो-जाहो केलं. तोंडावर अजूनही करते, सवय मोडत नाही. पण ही हकीकत माझी आहे आणि मी सांगतेय, तेव्हा इथं त्याला अरे-तुरेच करणार. ज्याला खपणार नाही त्याने ऐकू नये.

मी बकुळ. झाशीतच जन्मले, झाशीतच केस पांढरे झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि भांडायचं असलं की बुंदेली, असं आमचं पिढ्यानपिढ्या चाललंय. लग्न केलं नाही. रेल्वेत नोकरी केली, रिटायर झाले, सीपरी बाजारात दोन खोल्यांचं घर आहे. लोक मुलं वाढवतात, मी अडकित्ते जमवले.

हसू नका. इकडे पान दिल्याशिवाय पाहुण्याला उठू देत नाहीत, त्यामुळे जुन्या घरांतून सुपारी कातरायचा एकेक अडकित्ता असा निघतो की बघत राहावं. घोड्याचा, पोपटाचा, फणा काढलेल्या नागाचा, दांडीत घुंगरू बसवलेला. माझ्याकडे पेटीभर होते, प्रत्येक वेगळ्या मऊ फडक्यात. त्यात मोराचा म्हणजे माझा जीव. दोन पितळी दांड्या म्हणजे दोन मोर. उघडला की लांब जायचे, मिटला की चोचीला चोच लागायची. दर पौर्णिमेला मी पेटी उघडून सगळ्यांना खोबरेल लावायची. भावालासुद्धा मी त्यांना हात लावू दिला नव्हता.

हा नाद मला हरिभाऊने लावला. देवळातल्या गणेशोत्सवात ओळख झाली. तो राहायला दतिया गेटजवळ, त्याच्याकडेही अशीच पेटी. वयाने माझ्याहून मोठा, बायको लवकर गेलेली, बोलणं साखरेत घोळवलेलं. रविवारी आम्ही भंगारवाल्यांची दुकानं पालथी घालायचो. लोकांनी आमच्याबद्दल काय काय जुळवलं, जुळवू देत. आमच्यात होतं ते एवढंच, की दोघांना एकाच वस्तूचं वेड होतं आणि अख्ख्या झाशीत ते तिसऱ्या कुणाला नव्हतं.

दुकानदाराला कसं गुंडाळायचं, हे त्यानेच शिकवलं. आवडलेला अडकित्ता सगळ्यांत आधी उचलायचा आणि लगेच खाली ठेवायचा. ठेवल्या ठेवल्या त्याच्याकडे पाठ करून प्यायला पाणी मागायचं. मग राहिलेल्या मालाला निवांत नावं ठेवायची, एखाद्या गंजक्या तुकड्यावर घासाघीस करायची आणि उठता उठता म्हणायचं, "चलो भैया, वो वाला भी ऊपर से डाल दो." दुकानदार टाकायचा. कोपऱ्यावर येईपर्यंत आम्ही हसू दाबून धरायचो. मोर असाच मिळाला. त्या दिवशी पाणी हरिभाऊने मागितलं होतं, पण नजर आधी माझी पडली होती, म्हणून त्याने तो मला घेऊ दिला. "तुझा गं, तुझाच," म्हणाला. रिक्षातून उतरेपर्यंत तो आपल्याच हातात धरून बसला होता मात्र.

नियमही त्याचेच होते. ही युक्ती दुकानदारावरच चालवायची. अडचणीत सापडून घरातली वस्तू विकायला काढलेल्या माणसावर कधीही नाही, तिथे रास्त किंमत मोजायची. "तसला पैसा अंगाला लागत नाही, बकुळ," असं म्हणायचा. आणि आपल्यापैकी कुणावर विकायची पाळी आली तर आधी एकमेकांना विचारायचं, परस्पर बाहेर जायचं नाही. मला वाटायचं, काय माणूस आहे.

गुंडीसुद्धा त्यानेच आणून दिली. त्याच्या गल्लीतल्या कुत्रीची पिल्लं गाडीखाली गेली, ही एकटी उरली, तिला पिशवीत घालून माझ्या दारात उभा राहिला. पितळेच्या गुंडीसारखी गोल बसायची म्हणून गुंडी. शेजारीण म्हणाली, राणी ठेवा. झाशीत राहून कुत्रीचं नाव राणी ठेवायला माझी छाती होत नाही. पेटीची कडी वाजली की गुंडी असेल तिथून धावत यायची आणि खोबरेलाची बोटं चाटायला मिळेपर्यंत हलायची नाही. मी रिटायर झाल्यापासून दिवसभर मी तिच्याशी बोलायची आणि ती ऐकायची. मराठी कळणारं दुसरं कुणी घरात नव्हतंच.

या उन्हाळ्यात तिने खाणं टाकलं आणि पाणी मात्र पीत सुटली. पोट टम्म झालं. इलाइट चौराह्याच्या मागे डॉक्टर इराचा जनावरांचा दवाखाना आहे, तिथे रिक्षातून नेलं. तरुण पोरगी, पण हाताला गुण आहे. तपासून गर्भाशयात पू झाल्याचं सांगितलं, म्हणाली, "मौसी, बच्चेदानी में मवाद भर गया है. आज शाम तक निकालनी पड़ेगी, कल का भरोसा नहीं." भूल देणारा ग्वाल्हेरहून बोलवायचा, रक्त चढवायचं, पुढे कित्येक दिवस दवाखान्यात ठेवायचं. स्वतःचं काही घेत नाही म्हणाली, तरी बाकीचाच खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा होता. साठवलेलं होतं ते नुकतंच माझ्या मोतीबिंदूत गेलं होतं.

पुण्याला भावाला, श्रीनाथला, फोन केला. तो म्हणाला, "ताई, कुत्र्यासाठी? आणि एवढं असेल तर वीक ना तुझे अडकित्ते. मी एक मागितला होता, तो दिला नाहीस." मी फोन ठेवला. राग आला, कारण बोलला ते खरं होतं.

गुंडीला घरी आणून चटईवर निजवलं आणि पेटीसमोर बसले. खोटं कशाला बोलू, लगेच हात पुढे झाला नाही. मनात आलं, ही म्हातारीच झालीय, ऑपरेशन करूनही किती जगणार? अडकित्ते माझ्यामागेही राहतील. एवढी वर्षं उन्हातान्हात हिंडून, पोटाला चिमटा काढून जमवलेलं एका दुपारी घालवायचं? आणि तशीच बसल्या बसल्या मी कडी काढली. कडी वाजली तशी गुंडीने मान उचलली. खोबरेलासाठी उठायला गेली, पुढचे पाय टेकवले, मागचे उचललेच नाहीत. तशीच माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, संपलं, यापुढे विचार नाही.

नियमाप्रमाणे फोन हरिभाऊलाच केला. "मोरासकट सगळे घ्या," म्हटलं. "फक्त आत्ता या."

"सगळे?" म्हणाला. मग जरा थांबून, "माझ्याकडे एवढी रोकड कुठली गं. पण थांब, ओरछ्याला एकाच्या हॉटेलाची सजावट चाललीय, देवेंद्र म्हणून आहे. आपल्यातलाच, पण बोलतो हिंदीच. त्याला घेऊन येतो. मी समोर असताना तुला कोण फसवतंय?"

मला रडू फुटलं. पाहिलंस, अशा वेळी आपलं माणूस लागतं, असं मी गुंडीला म्हटलं. तसंच म्हटलं.

ते आले तेव्हा मी सगळे अडकित्ते पलंगावर मांडून ठेवले होते. हरिभाऊचा आवाज ऐकून गुंडीने पडल्या पडल्या शेपटी हलवली. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "काय गं बये, घाबरवलंस ना," म्हणाला. देवेंद्र दाराशीच उभा राहिला, कपड्यांना केस लागतील म्हणून.

हरिभाऊ पलंगाच्या कडेला टेकला. आधी मोर उचलला. उघडला, मिटला, चोचीला चोच लागली, आणि त्याने तो खाली ठेवला. त्याच्याकडे पाठ फिरवली.

"बकुळ," म्हणाला, "जरा पाणी दे गं."

मी पाण्याला गेले. माठात भांडं बुडवलं आणि हात तिथेच राहिला. म्हटलं, नाही. उन्हातून आलाय, तहान लागली असेल. माणसाला तहान लागते. तोंडात मारून घ्यावंसं वाटलं, कुणावर संशय घेतेस म्हणून. पाणी नेऊन दिलं. त्याने एक घोट घेतला आणि भांडं जमिनीवर ठेवून दिलं.

मग नावं ठेवायला सुरुवात झाली. घोड्याची खीळ ढिली आहे. पोपटाला पॉलिश मारलंय, जुनेपणा गेला. नागाचं पातं मागाहून बसवलेलं दिसतं. देवेंद्र मान हलवत होता, "हाँ चाचा, ये तो बाज़ार में पड़े मिलते हैं." नागाचं पातं मूळचंच आहे हे हरिभाऊला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तो मिळाला तेव्हा भिंग लावून त्यानेच मला दाखवलं होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तोच चेहरा, तोच जरासा पडलेला आवाज. एवढी वर्षं तो मी त्याच्या बाजूला उभी राहून ऐकला होता आणि आतल्या आत हसले होते. आज पहिल्यांदा समोरून ऐकत होते.

शेवटी त्याने एक आकडा सांगितला. एवढ्यात ऑपरेशन निघालं असतं, वर काही उरलं नसतं. दवाखान्याचा खर्च मीच त्याला फोनवर सांगितला होता. आणि उठता उठता, मोराकडे न बघता म्हणाला, "आणि हा मोर वरून टाक देवेंद्रला. मन मोठं कर."

हाकलून द्यावं असं वाटलं. हातात नाग होता, तोच फेकून मारावा असंही वाटलं. पण दुसरं गिऱ्हाईक मला कुठून मिळणार होतं आणि कधी? गुंडीकडे संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता आणि हरिभाऊ ते जाणून होता. तिचा श्वास मला पलंगापर्यंत ऐकू येत होता.

"बाकीचे घेऊन जाऊ देत," मी म्हटलं. "मोर मी त्यांना देणार नाही. तो तुम्ही घ्या, हरिभाऊ. पैसे नकोत. तुम्हाला हवाच होता."

मी मोर त्याच्या तळहातावर ठेवला. मला वाटलं, आता शरमेल. म्हणेल, नको गं, वेडी आहेस का, ठेव तुला. निदान खाली तरी बघेल. एवढं जरी केलं असतं ना, तरी मी सगळं पोटात घातलं असतं. त्याने खिशातून रुमाल काढला, मोर नीट गुंडाळला आणि म्हणाला, "तुझी आठवण म्हणून ठेवतो."

गुंडी वाचली. डॉक्टर इराने जीव ओतून काम केलं. घरी आणली तेव्हा पोटावर टाके होते, गळ्यात ते भोंग्यासारखं कवच, आणि भूक मात्र राक्षसासारखी. मी तिला भात भरवत होते आणि रडत होते. आनंदाचं रडू आणि दुसरं रडू वेगळं काढता येईना.

पुढच्या चतुर्थीला देवळात गेले तर सगळ्यांच्या तोंडी हरिभाऊ. किती धावून आले, अशी माणसं राहिली कुठे. आरतीनंतर रुपाली, म्हणजे आमच्या पुजाऱ्यांची सून, जवळ येऊन म्हणाली, "मावशी, तुमचे अडकित्ते हरिभाऊंकडे काचेच्या कपाटात काय सुंदर दिसतात. मोर अगदी मधोमध. बरं झालं ना, आपल्यातच राहिले." मी हो म्हटलं. प्रसाद हातात तसाच राहिला. हॉटेलही नव्हतं आणि सजावटही नव्हती. रोकड त्याच्याकडे होती. नियमाने विचारलं तेव्हा नियमाने हो म्हणाला असता तर मी त्याला सगळे निम्म्यात दिले असते, आणि वर जन्मभर पाया पडले असते.

परवा तो घरी आला. हातात बिस्किटांचा पुडा. मी दार उघडलं नसतं, पण गुंडीने त्याची पावलं ओळखली. कवच दारावर आपटत, शेपटीने अख्खं अंग हलवत ती त्याच्या पायांत जाऊन पडली. त्याच्याच पिशवीतून ती या घरात आली होती. तिला काय सांगणार? भुंकली असती तर बरं वाटलं असतं.

"छान सुधारली की," तो खुर्चीत बसत म्हणाला. तिने डोकं त्याच्या मांडीवर ठेवलं. तो कानामागे खाजवत राहिला, मग हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काय ऊन आहे. बकुळ, जरा पाणी दे गं."

मी जागची हलले नाही.

"आता काय हवंय, हरिभाऊ?" मी म्हटलं. "पेटी रिकामी आहे. ही एकच राहिलीय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. काय म्हणते ते त्याला कळलं. माझ्यासमोर त्याने पहिल्यांदा मान खाली घातली, पण तेव्हा मला त्याचा काही उपयोग नव्हता. पुडा टेबलावर ठेवून तो उठला, चपला घालायला त्याला फार वेळ लागला.

गुंडी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेली. मी हाक मारली तरी ती लवकर परत आली नाही.