कोंबड्यांची दुपार

चोचीच्या कडेला चिकटलेली ती हिरवी भुकटी... शेवग्याचा पाला, तुळस, आवळा, सगळं वाळवून कुटलेलं — रघुनाथ बाजेवर बसून मघापासून तेवढंच पाहत होता. चोच उघडी, आत जीभ थरथरतेय, पंख अंगापासून सुटून लोंबतायत, पण पाय? पाय रोवलेले. मागच्या उन्हाळ्यात नवागामच्या याच पत्र्याखाली निम्म्या कोंबड्या उष्म्यानं आडव्या झाल्या होत्या.

म्हणून तर सकाळी तो सुनेवर ओरडला. ऊन उतरताना डिंडोलीहून चिकनवाल्याचा टेम्पो यायचा होता. मरायच्या आत विकून मोकळं व्हावं. आणि हर्षदा पहाटेच दाण्यात भुकटी कालवत बसलेली.

“कोंबड्यास्ले जित्तापनीच मसाला लाई राह्यनी का?”

“तुमलेबी देसू, मामा. चव चांगली से.” हात न थांबवता ती म्हणाली. मग हळूच, “आजनी दुपार जाऊ द्या. टिकन्यात तं इकानं नही.”

टिकल्या तर विकायच्या नाहीत म्हणे. आणि टिकतायत! या भुकटीनं कोंबडी ऊन सोसते, हे मोबाईलवर पाहून शिकली. खाणं उन्हाच्या आधी, मग नुसतं गार पाणी, कारण दाणा पचवताना अंग आणखी तापतं. भर दुपारी त्यानं मायेनं मूठभर दाणे टाकायला हात उचलला, तर तिनं मनगटच धरलं — सासऱ्याचं मनगट! — आणि मूठ उघडेपर्यंत सोडलं नाही. पाला गच्चीवर वाळवताना भाजलेले तिचे तळवे... खोकत खोकत कुटत होती, शेजारणी हसत होत्या, ही कुटतच होती. काय बाई आहे!

रघुनाथ लूमच्या कारखान्यात माग चालवायचा, तिथला पत्रा असाच तापायचा. वाऱ्यानं धागा तुटेल म्हणून खिडक्या बंद. धाग्याची काळजी! शेजारच्या मागावरचा धर्मेंद्र मशीनवरच कोसळला तेव्हा शेठ एवढंच म्हणाला, “मशीन बंध ना करता.” आणि आम्ही नाही केली बंद... माझ्या पोटात काय गेलं म्हणजे मी संध्याकाळपर्यंत उभा राहीन, हा विचार कुण्या हरामखोरानं कधी केला होता? चहा पाजायचे. कपभर चहा, आणि वर उपकार.

ऊन पत्र्यावरून सरकलं. एक कोंबडी चोच मिटून माती उकरायला लागली. तिचं पाहून दुसरी. गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला.

“मामा?” हर्षदानं दारातून विचारलं. नुसतं तेवढंच. केस कपाळाला चिकटलेले, नजर मात्र सरळ त्याच्यावर.

सगळ्या उभ्या आहेत, हे त्यालाही दिसत होतं. टेम्पोवाल्याला ‘नको’ एवढा एक शब्द तर बोलायचा होता. पण त्याला या कोंबड्यांचा हेवा वाटत होता. आणि जन्मात पहिल्यांदाच, हेवा वाटत असताना त्याला कुणाचा राग येत नव्हता...