दोनशे चार नंबरची चाबी

मी दोनशे चार नंबरच्या खोलीची चाबी बोलतेय. दात असलेली लोखंडी वस्तू तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल, तर ती आधी पुसून टाका. मी प्लास्टिकची, पांढरी, पत्त्याच्या पानापेक्षा जराशी लहान. माझ्या अंगावर ना नाव, ना नंबर. शहाणी माणसं मला कार्ड म्हणतात. पण चिखलदऱ्याच्या ज्या हॉटेलात मी नोकरीला होते, तिथे अमरावती-अकोल्याकडची मंडळी जास्त. त्यांच्या तोंडी मी चाबीच, आणि मलाही तेच नाव आवडतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. खोक्यात बंद होऊन आले, एवढं खरं. हॉटेलचे मॅनेजर खुशालराव यांनी एके दिवशी मला काउंटरवरच्या यंत्रावर ठेवलं, बारीकसा आवाज झाला आणि मला दोनशे चारचं दार ओळखता यायला लागलं. माझी एक जुळी बहीणही त्याच दाराची. बाहेरून दाराला टेकवलं की कुलूप उघडायचं. आत गेल्यावर भिंतीवरच्या खाचेत घातलं की दिवे-पंखे सुरू. खाचेतून काढलं की सगळं बंद. माझी विद्या एवढीच.

पाहुण्यांचे नमुने मात्र खूप पाहिले. खाचेत कंगवा खुपसून एसी चालू ठेवणारे, मला पॅन्टसकट धुवायला टाकणारे. सगळं घर मिळून सहलीला आलं की आणखीच गंमत. खोल्या चार घेतात आणि अकरा माणसं एकाच पलंगावर मांडी घालून चिवडा खातात. "चाबी कोणाजवळ आहे?" या एका प्रश्नात निम्मी सहल जाते. ती सासऱ्यांच्या खिशात असते आणि सासरे देवी पॉइंटला पोचलेले असतात. कुंदाबाई येईपर्यंत मला याचं हसूच यायचं.

ऑगस्टातली जोडून आलेली सुट्टी होती. अमरावतीचे कमलाकांत सर आणि त्यांच्या पत्नी कुंदाबाई आले. बरोबर पुण्याचा मोठा मुलगा सौमित्र, सून देवश्री, दहा वर्षांची नात श्रावणी, आणि अकोल्याला नोकरी करणारा धाकटा शुभंकर. सरांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दरसाल ते पोरांची सहल घेऊन चिखलदऱ्याला यायचे, म्हणून मुलांनी हीच जागा ठरवली होती.

काउंटरवरच देवश्री म्हणाली, "आई, तुमच्या खोलीची एक चाबी माझ्याकडे राहू द्या. वेळी-अवेळी काही लागलं तर."

"कशाला गं? दार वाजव, मी उघडीन की."

"अहो, तुम्हाला उगाच उठवायचं कशाला?"

मुलगी मनानं चांगली. माझी बहीण तिच्या पर्समध्ये गेली. मी कुंदाबाईंच्या मुठीत होते, आणि त्या मुठीला घाम फुटला होता. सुनेनं काळजीनं चाबी मागितली तर या बाईला घाबरायला काय झालं, ते मला कळेना.

खोलीत शिरल्यावर कळलं. सर पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "ही कोणाची खोली?" कुंदाबाईंनी उत्तर दिलं, पर्समधून चिठ्ठ्या काढल्या आणि चिकटपट्टीनं लावायला सुरुवात केली. फळ्यावर लिहितात तसली मोठी अक्षरं. संडासाच्या दारावर 'संडास इकडे'. नळावर 'हा गरम'. आरशावर 'हे तुम्हीच आहात'.

दार वाजलं की या सगळ्या चिठ्ठ्या उतरायच्या. आरसा, नळ, दार, याच क्रमानं, आणि उशीखाली जायच्या. मग कुंदाबाई हसतमुखानं दार उघडायच्या. "बाबा आत्ताच झोपले गं," असं सांगायच्या. झाडायला येणाऱ्या डोमाजींना एक चिठ्ठी खाली सापडली. ते म्हणाले, "काकू, हे काय व्हय?" कुंदाबाई म्हणाल्या, "नातीचा खेळ आहे." डोमाजींनी चिठ्ठी परत दिली आणि पुन्हा झाडायला लागले.

एवढी लपवाछपवी कशासाठी, तर दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत शुभंकर बोलता बोलता म्हणाला होता, "बाबांचं विसरणं फार वाढलं तर आमच्या अकोल्यात अशा माणसांसाठी चांगलं केंद्र आहे." तेव्हाच कुंदाबाईंनी ठरवलं की मुलांना काही कळू द्यायचं नाही. सरांना आपल्याजवळून कोणी नेऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. फोनवर त्या सांगायच्या, बाबा पेपर वाचून राहिले, बाबा फिरायला गेले. आता तीन दिवस मुलांच्या डोळ्यांसमोर काढायचे होते, आणि दाराची एक चाबी सुनेजवळ होती.

पण देवश्रीनं ती चाबी एकदाही वापरली नाही. सासूसासऱ्यांच्या खोलीत न विचारता कसं शिरायचं, म्हणून ती प्रत्येक वेळी दारच वाजवायची. तिचा हा चांगुलपणा कुंदाबाईंच्या पथ्यावर पडला. पहिला दिवस निभावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर जेवून झोपले. सौमित्र दारात येऊन म्हणाला, "आई, चल ना. कितीक वर्षांत तू आमच्याबरोबर फिरली नाहीस. एका तासात येऊ." कुंदाबाई नको नको म्हणाल्या. मग श्रावणीनं हात धरून ओढलं. फार आढेवेढे घेतले तर संशय येईल, असंही त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी सरांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि खाचेतून मला काढलं.

"आई, चाबी तिथेच राहू द्या की," देवश्री म्हणाली. "पंखा बंद होईल. माझ्याकडे दुसरी आहे ना."

"चाबी आत ठेवून कोणी दार लावतं काय?" कुंदाबाई म्हणाल्या.

आता मला सांगायलाच हवं. अमरावतीच्या घरी कुंदाबाई भाजी आणायला निघाल्या की बाहेरून कडी लावून जायच्या. वीस मिनिटं, जास्त नाही. नाहीतर सर चौकात जाऊन उभे राहायचे. इथे दाराला बाहेरून कडी नव्हती. मग त्यांनी हिशेब केला की चाबी आपल्याजवळ म्हणजे सर आत सुरक्षित. अहो कुंदाबाई, मला फक्त उघडता येतं! कोणाला कोंडायची विद्या मला कोणी शिकवलीच नाही. हे दार आतून मूठ दाबली की कोणालाही उघडतं. मी त्यांच्या पर्समध्ये तळमळत होते. पण माझं ऐकणार कोण.

त्या तासाबद्दल मी कुंदाबाईंना कधीच दोष देणार नाही. धुकं इतकं होतं की दरी दिसलीच नाही. श्रावणीनं सगळ्यांना भाजलेली कणसं घ्यायला लावली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या बाईनं कोणाच्या मागे न धावता, बसून, गरम असं काहीतरी खाल्लं. नातीचं काहीतरी ऐकून त्या मोठ्यानं हसल्या, आणि सौमित्र म्हणाला, "आई, तू हसली की बरं वाटतं."

परत येऊन दार उघडलं तर खोलीत काळोख. पडदे ओढलेले, पंखा बंद, पलंग रिकामा. मला काढून नेल्यामुळे दिवे गेले, त्या काळोखात सर जागे झाले असणार आणि दार उघडून निघून गेले असणार. बूट मात्र घालून गेले होते.

"असे कसे गेले?" कुंदाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "मी तर त्यांना कोंडून गेले होते."

दारात उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. डोमाजी बादली खाली ठेवून म्हणाले, "काकू, मले इचारलं असतं तं सांगतलं असतं. हे दार आतून कोनालेबी उघडते."

सगळे धुक्यात धावले. कुंदाबाईंनी मला पर्समध्ये ठेवलंच नाही. मी त्यांच्या मुठीत होते, आणि माझी कड त्यांच्या तळव्यात रुतली होती. सर सापडले एसटी स्टँडवर. परतवाड्याची गाडी निघायच्या बेतात होती आणि सर दोन्ही हात पसरून तिच्यापुढे उभे होते. कंडक्टर बिचारा समजूत घालत होता, "बाबाजी, बाजूले व्हा ना. लोकं खोळंबून राहिले."

"गाडी सोडायची नाही," सर म्हणाले. "दोन पोरं कमी आहेत. मी मोजली."

"बाबा," शुभंकर पुढे झाला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ओळख दिली नाही.

मग कुंदाबाई गेल्या. सर त्यांना म्हणाले, "बाई, तुमच्या गटातली पोरं मोजली का?"

"मोजली सर," कुंदाबाई अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "सगळी आहेत. दोघं हॉटेलवर आहेत. तुमची वाट पाहून राहिलेत."

सरांचा जीव भांड्यात पडला. ते कुंदाबाईंच्या मागोमाग चालू लागले. दोन्ही मुलं तिथेच उभी राहिली. आई हे पहिल्यांदा करत नव्हती, हे समजायला त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी सर झोपल्यावर शुभंकर विचारायला आला. "घरीही कोंडतेस?"

"भाजीपुरतं."

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं झाली."

"काहून सांगितलं नाहीस आई?" तो रडत होता. "ते गाडीखाली आले असते तर? तुला हे झेपत नाही."

"झेपून राहिलं होतं," कुंदाबाई म्हणाल्या.

मुलगा वाईट नव्हता. त्याचं बोलणंही खोटं नव्हतं. देवश्री कुंदाबाईंचा हात धरून नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर देवश्रीनं माझी बहीण परत केली. त्या गडबडीत माझी आठवण कोणालाच झाली नाही. खुशालरावांनी दोनशे चारसाठी दुसरी चाबी तयार केली असेल. आता मी कोणत्याच दाराची नाही. कुंदाबाईंच्या पर्समध्ये एसटीच्या सवलतीच्या कार्डाला चिकटून असते. दर रविवारी आम्ही अमरावतीहून अकोल्याला जातो, कारण सर आता तिथे आहेत.

त्या केंद्रात सगळं स्वच्छ आहे. जेवण वेळेवर मिळतं. सरांच्या दालनाच्या दारालाही माझ्यासारखीच पांढरी चाबी लागते, पण ती तिथल्या सेविकांच्या गळ्यात असते. पहिल्या रविवारी कुंदाबाईंनी इंदूबाई नावाच्या सेविकेला विचारलं, "यातली एक मला मिळेल काय?"

"नाई ना काकू. घरच्याइले देत नाईत."

"मी बायको आहे त्यांची."

"सगळेच कोनाचे ना कोनाचे असतेत, काकू," इंदूबाई हळूच म्हणाली आणि दार उघडून दिलं.

लोकहो, सहलीला जाल तेव्हा एकमेकांच्या खोलीची चाबी जरूर घ्या. पण घेतलीत तर कधीतरी वापरा. दार न वाजवता आत जा, चिठ्ठ्या उशीखाली जायच्या आत. माझी बहीण तीन दिवस एका भल्या बाईच्या पर्समध्ये नुसती पडून राहिली, याचं मला फार वाईट वाटतं.

मागच्या रविवारी एसटी लवकर पोचली. भेटायची वेळ व्हायला अवकाश होता. दाराच्या काचेतून सर खुर्चीत बसलेले दिसत होते. कुंदाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, पर्समधून मला काढलं आणि त्या दाराला टेकवलं. त्या खुळ्या नाहीत. मी या दाराची नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी टेकवलं. मी सगळा जीव एकवटला. लाल दिवा लागला. त्यांनी पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. आत सरांनी मान वर केली, काचेबाहेरच्या बाईकडे थोडा वेळ पाहिलं, आणि कोणीतरी बाहेर ताटकळतंय, तिला आत घ्यावं, म्हणून ते खुर्चीतून उठायला लागले.